नायटा

आधी चार आण्याएवढा होता.
कमरेला, परकराची नाडी बसते तिथं,
कडेनं लाल, मध्ये साफ,
जसा कुणी शिक्का मारून विसरून गेला.

सुपडू केळी कापायला जातो अडावदच्या पट्ट्यात.
खांद्यावर घड, घडाचा चीक, चिकावर घाम.
संध्याकाळी आला की एकच टॉवेल:
आधी तो, मग मी, मग पोरगी.
तो टॉवेल कोरडा कधी पाहिला नाही मी.

कौतिका म्हणाली, शाईनं रिंगण आख,
शाई ओलांडून जात नाही ते.
पोरीच्या पेनानं आखलं, आरसा मांडीवर टेकवून.
चौथ्या दिवशी शाई आत राहिली
आणि नायटा बाहेर,
बांध कोरणाऱ्या भाऊबंदासारखा.

मग लसूण. कातडं सोललं, खाज तशीच.
मग खोबरेल तेलात गंधक. तीन दिवस
अंगाला फटाक्यांचा वास,
पोरगी म्हणे, आई, तू फुटशील.
सुपडू एकदा जेवताना उगाच म्हणाला,
टोळीत कुणी बॅटरीचं पाणी लावतं म्हणे.
मी विचारलं नाही, कशाला.

शेनपडू बाबानं टाकळ्याचं बी दिलं, पुडी बांधून.
तो टाकळा, भाद्रपदात बांधावर माजतो,
ढोरंही तोंड लावत नाहीत त्याला.
आंबट ताकात भिजव, पाट्यावर वाट, लाव.
‘कोनले व्हयना?’ त्यानं विचारलं.
‘पाव्हनीले,’ मी म्हटलं.
गार वाटलं. खरं सांगते, वाटलं.
दोन रात्री झोपले.
तिसऱ्या रात्री खाज उठली ती थेट मांडीपर्यंत.

मेडिकलवाल्या पोराकडं नाव न घेता
‘ती ट्यूब’ मागितली. पस्तीस रुपये.
आठ दिवसांत सगळं गायब, कातडी चकचकीत.
ट्यूब संपली आणि परत आलं,
आता भाकरीएवढं.

चोपड्याला गेले, सरकारी दवाखान्यात.
मी नाडी सोडेपर्यंत डॉक्टरीणबाई
खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.
एवढंच कुणी माझ्यासाठी केलं नव्हतं.
ती ट्यूब आधी फेक, म्हणाली.
खाज थांबली तरी गोळ्या पुऱ्या कर.
मग: घरात आणखी कुणाला?
नाही, म्हटलं.
कपडे कुठं वाळवतेस?
मी गप्प.
आमच्यात आतले कपडे साडीखाली वाळतात,
नाहीतर न्हाणीत, खिळ्याला, अंधारात.
ऊन म्हणजे परका माणूस.

घरी आले. न्हाणीमागं, सरपणाच्या आड
सुपडूची चड्डी, ओली, अर्धी पोत्याखाली,
आणि विटेच्या फटीत ट्यूब.
तीच. पस्तिसाची. पिळून पिळून चपटी.

किती महिने एका खाटेवर
दोन कडांना तोंड करून खाजवत होतो,
तो झोपला समजून मी,
मी झोपले समजून तो.

रात्री भाकर वाढली आणि ताटाशेजारी
दोन्ही ट्यूबा ठेवल्या.
तो बघत राहिला. ‘तुले बी?’ म्हणाला.
त्याला हसू आलं. मला नाही आलं.
मग आलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात दोरी बांधली,
लिंबापासून गोठ्याच्या खांबापर्यंत.
चैत्रातलं खान्देशचं ऊन,
ज्याला जन्मभर शिव्या घातल्या,
त्याच्यासमोर उकळलेले परकर, चड्ड्या,
तीन जणांचे तीन टॉवेल,
सगळं मांडलं, वर साडी न टाकता.
चोपड्याच्या रिक्षेतून बाया वळून बघत गेल्या.
पोरीची मान, पोरीची कंबर रोज तपासते.
अजून काही नाही.

दुपारी कौतिका कुंपणाशी आली.
बराच वेळ दोरीकडं बघत उभी.
वाटलं, आता काहीतरी बोलणार ही.
कमरेवर एका जागी बोट दाबून धरलेलं,
म्हणाली,
दोरी उरली का गं थोडी?