शेवटची खिडकी

रविवारी, दुकान उघडायच्या आधीच
वांडा प्रुशिन्स्की दाराशी उभी,
ईरी सरोवरावरचं वारं पाठीवर घेत.
काखेत फोटोंचा जुना अल्बम.
फोटो कधीच निघालेत त्यातले,
आता कप्प्याकप्प्यात कुपनं:
टूथपेस्ट, शाम्पू, दाढीचा फेस,
मुदतीप्रमाणे लावलेली.

गल्ल्यावर मी. नियम मला पाठ नाहीत,
तिला आहेत.
"आधी दुकानाचं, मग कंपनीचं, डेरेल.
उलटं केलंस की साठ सेंट बुडाले माझे."
एकेचाळीस डॉलर सतरा सेंट
उतरत उतरत येतात
एक त्रेसष्टवर.
पावती निघतच राहते, तिच्या गुडघ्यापर्यंत.
धुतलेल्या चादरीची घालावी
तशी ती तिची घडी घालते.
"वर बारा डॉलर बक्षीस!"
दूध पिऊन आलेल्या मांजरीसारखा चेहरा.
रांगेत मागे कुणी खाकरतं.
खाकरू दे.

मग ती जाते आत, शेवटच्या खिडकीशी,
डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधं मिळतात तिथे.
अल्बम मिटलेला.
बक्षिसाचे डॉलर इथे चालत नाहीत,
पाटीवर बारीक अक्षरात लिहिलंय,
तेही तिला पाठ आहे.
काझच्या दम्याचा पंप.
ती नोटा मोजते, मग नाणी,
घासाघीस नाही, चकार शब्द नाही.
महिनाभर वाचवलेली पै न् पै
एका चिमुकल्या पांढऱ्या पिशवीत.

जाताना माझ्यापुढे एक टूथपेस्ट ठेवते.
"घे. घरी एकोणीस पडल्यात.
आणि आम्हा दोघांत मिळून दात किती,
ते विचार."