टाउनोचा फोन

एकतीस वर्षं रात्रपाळी केली.
सूर्य उगवायचा तेव्हा मी सायकलवर,
मान खाली, भुवयांत कागदाचा भुगा,
घरी जाऊन जाड पडदे ओढायचे नि झोपायचं.
आता ते मशीन भंगारात गेलं
आणि मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी
थकबाकी वसूल करत बसलोय.

डिसेंबरात सूर्यही पेन्शनर होतो.
साडेनऊला उठतो, तळ्यापलीकडच्या झाडांवर
कशीबशी हनुवटी टेकवतो,
तीनच्या आत पुन्हा पांघरुणात.
कायसू म्हणते, बघ, कुणावर गेलाय.

तेवढ्यात फोन वाजतो. टाउनो.
तीन नंबर मशीनवरचा माझा जोडीदार,
राहतो याच तळ्याच्या पल्याडच्या काठाला.
त्याच्या नजरेच्या मधोमध आता एक डाग आहे,
कडेकडेचं तेवढं उरलंय:
दाराची चौकट दिसते, म्हणतो,
दारात कोण उभं आहे ते नाही.
विचारतो, आज कसा होता?

मला कुठे येतं सांगायला.
गुलाबी म्हणावं तर,
कुठला गुलाबी? स्वेटरचा की माशाच्या पोटाचा?
मग आम्ही कारखान्याच्या भाषेवर येतो.
आज वर्तमानपत्राचा, पंचेचाळीस ग्रॅमचा,
वाळवायच्या रुळांवर चढण्याआधीचा, ओला.
आज पाकिटाचा तपकिरी,
आणि खालची कड फाटलेली.
"कुठे फाटली?" तो लगेच.
चर्चच्या मनोऱ्यापाशी, मी म्हणतो,
आणि दोघंही क्षणभर गप्प,
धावता कागद तुटला की व्हायचो तसे.

मार्चमध्ये खार अंगावरचा राखाडी कोट
शेपटीकडून उतरवायला लागते की कानांकडून,
यावर आमचं आठवडाभर चाललं.
पिवळ्या पोटाच्या पाखरांसाठी टांगलेले दाणे
ती उलटी लोंबकळून खाते.
कायसू काच वाजवते.
खार तिच्याकडे बघते, चावत राहते.

एप्रिलात तळं फुटतं.
रात्रभर कुणी काचेची भांडी विसळतंय
असा किणकिणाट.
सकाळी रिसीव्हर खिडकीबाहेर धरला,
कायसू कुरकुरली, थंडी आत येते,
दार लाव, तुमचा तमाशा पुरे.
वरून क्रौंच चालले होते ओरडत.
टाउनो म्हणाला, हे मला दिसलं.

एकदा माझी झोप लागली.
घंटीनं जागा झालो, घाईत ठोकून दिलं:
पिवळसर, बाँड पेपरचा, एकदम गुळगुळीत.
पलीकडे शांतता.
मग म्हणाला, अरे, इथे पन्हाळ वाहतंय पावसानं,
तू कुठल्या तळ्यावर राहतोस?

जूनमध्ये त्यालाच झोप नसते.
मध्यरात्री विचारतो, मावळला का?
मावळला, म्हटलं, पण दार उघडंच टाकून गेलाय.
पायरीखालून तो काटेरी प्राणी निघतो,
कायसूनं त्याला इन्स्पेक्टर नाव ठेवलंय,
रोपांची एकेक ओळ हुंगत, नाक वर करून,
कुणाचं काहीतरी चुकलंय अशा चालीनं.
मी सांगत जातो: आता बीटापाशी. आता बादलीशी.
टाउनो हसता हसता खोकतो.
तीनच्या सुमाराला, बोलणं संपलेलं नसतानाच,
सूर्य मागच्या दारानं परत.

मग बर्चची पानं कधी पिवळी झाली
आणि कधी वल्ह्यांना चिकटली, कळलं नाही.
टाउनो दोन आठवडे दवाखान्यात होता.
मी तारखांसमोर कॅलेंडरवर लिहून ठेवलं:
टिश्यू. पुठ्ठा. काही नाही, धुकं.
परत आल्यावर एका दमात सगळं वाचून घेतलं त्यानं माझ्याकडून,
"काही नाही, धुकं"सुद्धा.

आज नोव्हेंबरची सतरा तारीख.
बर्फाचा पत्ता नाही, अंगण काळं, ओलं,
आणि सफरचंदाच्या झाडाखाली ससा
नखशिखांत पांढरा होऊन बसलाय.
लपायला जागा नाही, कुठूनही दिसतोय,
तरी हलत नाही.
टाउनोला सांगितलं.
थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला.

आवरून बसलाय बिचारा, म्हणाला,
बोलावणं यायचंय अजून.
मग घसा साफ करून,
बरं, ते राहू दे. आकाश कसं होतं?