दोन्हीकडे ठेवून पाहा

पेन उचलू नकोस अजून, दाली.
आधी नुसतं बघ.
त्या दोन ओळींची आणि तुझी
तोंडओळख तरी होऊ दे.

सात क्ष अधिक तीन य बरोबर सत्तेचाळीस,
खाली चार क्ष वजा तीन य बरोबर आठ.
दोघे य भांडायला समोरासमोर उभेच आहेत,
तू बेरीज कर आणि बाजूला हो.
अकरा क्ष, पंचावन्न. संपलं.
एवढ्यासाठी बाह्या सावरायच्या नसतात.

आणि जिथं क्ष सडाफटिंग उभा असेल,
अंगावर सहगुणकाचं ओझं नाही,
तिथं त्यालाच धर, य च्या भाषेत बोलायला लाव,
दुसऱ्या ओळीत नेऊन बसव.
नाक दाबलं की तोंड उघडतं.

आमचे इरोदी मास्तर मात्र
सगळ्याला एकच औषध द्यायचे : निश्चयक.
चियातुरात तेव्हा दिवसदिवस वीज नसे,
आम्ही कोट घालून, बोटांवर फुंकर मारत
तिरपे गुणाकार करायचो,
आणि उत्तर यायचं क्ष बरोबर दोन,
जे शेवटच्या बाकावरच्या ओतियाला
पाहताक्षणीच दिसलेलं असायचं.
(त्याला शून्य मिळे. पद्धत दाखवली नाही म्हणून.)

दाली ऐकते आणि आलेखाचा कागद काढते.
दर वेळी.
तिची जागा खिडकीपाशी आहे.
समोर क्विरिलाच्या दरीवर रोपवेचे जुने दोर,
एक खाणीकडे चढणारा, एक वरच्या वस्तीकडे,
इथून बघितलं तर एकमेकांना छेदणारे.
प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये
चार मजल्यांची हवा आहे, हे तिलाही ठाऊक आहे.

तीन क्ष अधिक सात य बरोबर दहा.
पाच क्ष वजा दोन य बरोबर चार.
तिनं रेषा काढल्या, पेन्सिलीला छान टोक करून,
आणि म्हणाली, एक आणि एक.
ठेवून बघ, म्हटलं.
पहिलीत ठेवलं : तीन आणि सात, दहा.
तिचा चेहरा उजळला.
दुसरीत?
पाचातून दोन गेले,
तीन.
चार हवे होते.

डोळा एकीला पटवून येतो, दाली,
दुसरी हटून बसते.
खरं उत्तर अठ्ठेचाळीस छेद एकेचाळीस,
अडतीस छेद एकेचाळीस.
असलं उत्तर कुठल्याच खिडकीतून दिसत नाही.
तिथं लोपच करावा लागतो,
आधी एकाला नाहीसं करायचं,
मग त्याला परत आणायचं.

नाहीसं करायचं हे तिला आवडत नाही.
कारण मी विचारलं नाही. गाव लहान आहे,
तिची आई सहा वर्षं बारीला
कुणा म्हाताऱ्या बाईला भरवते, पुसते, झोपवते, हे
पाववालीलासुद्धा माहीत आहे.

शुक्रवारी घंटा झाल्यावर ती थांबली.
वहीच्या मागच्या पानावर तिनं स्वतः मांडलेलं :
क्ष म्हणजे आई आणखी किती वर्षं तिकडे,
य म्हणजे बाबा किती वर्षं खाणीत,
आणि कर्ज, छप्पर, भावाचं कॉलेज मिळून
एक मोठी संख्या, दोनदा खोडलेली.
मांडणी चोख होती. चिन्हंसुद्धा.

‘यात कुठली पद्धत वापरू, मास्तरीण?’

मी पाहत राहिले.
एकच ओळ होती.
एका ओळीला लागतील तेवढी उत्तरं,
सगळी तिच्यावरच पसरलेली, या टोकापासून त्या टोकापर्यंत,
आणि त्यातलं एकही तिचं नाही.

दुसरं समीकरण हवं, मी म्हणाले.

‘ते कुठून आणायचं?’

पंचवीस वर्षं मी पद्धती शिकवते.
हे कुणी विचारलं नव्हतं.

मी तिची वही घेतली, पेन उचललं नाही.
बाहेर पाळणा मध्यावर येऊन थोडा थांबला,
थांबतो तो तिथं, नेहमीच,
मग दोर ताणला गेला.
‘बस,’ मी म्हटलं,
‘आईला काय काय माहीत आहे ते
आधी तिला विचारून ये.’