कोळशाची भिंत

करी रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
हौसाक्काच्या खानावळीत वही नव्हती.
भिंत होती.
एका जेवणाला कोळशाची एक रेघ,
पगार झाला की ओल्या फडक्याने पुसायची.
सव्वीस गडी, सव्वीस रांगा.
एक रांग सख्ख्या दिराची; त्यालाही सूट नाही.

गिरणी संपावर लिहायचं म्हणून मी टेप घेऊन गेले.
विचारलं, पुढारी कोण होते?
पत्रकं आहेत का? एखादा फोटो?
ती भाकरी थापत राहिली.
मग पिठाच्या हातानेच दाखवला
खिडकीखालचा कोरा पट्टा.

"त्ये दीड वरीस.
समदी जेवली.
रेघ न्हाई वढली."

कॅसेट फिरत होती.
मी भिंतीवरून बोट फिरवलं,
बोटाला काहीच लागलं नाही.

"बघतीस काय?
बस. ताट वाढलंय."