हजारात पस्तीस

दिवसभर मी दुसऱ्यांचं रक्त धुते,
मुलुंडला, दुसऱ्या मजल्यावर, सहा खुर्च्या, सहा यंत्रं.
चार तासांनी एकेकाचं वजन,
किती लिटर उतरलं ते वहीत.
रात्री भांडुपला घरी येते
आणि कोपरापर्यंत हात समुद्रात घालते.

समुद्र म्हणजे दोन फूट बाय सव्वा फूट काच,
शिवणयंत्राच्या जागेवर.
आई आधी काही बोलली नाही.
मग मिठाची बादली आली, परदेशी, किमतीच्या चिठ्ठीसकट,
आणि ती खिडकीशी जाऊन उभी राहिली.
खाली मिठागरं. लग्नाआधी तिथे तिने टोपल्या वाहिल्या,
टाचांच्या भेगा तेव्हाच्या.
"इथलं का नाय चालत?"
मी म्हटलं, यात कॅल्शियम असतं, मॅग्नेशियम असतं.
"मंग आमी काय इकत होतो?"

पहिले सहा आठवडे नुसते दगड. पाणी. दिवा.
आलेला माणूस विचारी, मासे कुठेत?
मी सांगे, अमोनिया उतरतोय.
कामावर सांगते त्याच आवाजात सांगत असणार,
कारण मावशीने लगेच टीव्ही बारीक केला.
मग दगडांवर तपकिरी साय धरली.
मग तीही गेली, आपली आपण.

प्रवाळ मस्कारेन्हस सरांनी दिलं.
चार नंबरची खुर्ची, मंगळ-गुरू-शनि, नाहूरहून रिक्षाने.
त्यांना दिवसाला एक लिटर पाणी, चहा-आमटी धरून,
आणि घरी तीनशे लिटरची टाकी.
"बंदी मला आहे, माशांना नाही,"
सुई टोचताना म्हणायचे, दुसरीकडे बघत.
एका शनिवारी डब्यातून तुकडा आणला,
सुपारीएवढ्या दगडाला चिकटवलेला.
"कलम आहे, गुलाबासारखं.
मिटून बसेल काही दिवस. बोट लावू नकोस."

नाही लावलं. तीन दिवस राखाडी गाठी.
चौथ्या सकाळी, खांद्याला पर्स, हातात डबा,
अकरा बटणं उघडी,
हिरवी, कडेला केशरी झालर.
बस चुकली.

एप्रिलमध्ये पाणी एकतीसवर गेलं.
वर छोटा पंखा लावला, तर ते उडायला लागलं,
रोज दीड लिटर.
इथे नवखे चुकतात,
कमी झालं म्हणून खारं भरतात.
उडतं ते फक्त पाणी. मीठ कुठे जात नाही,
उरलेल्यात घट्ट होत बसतं.
भरायचं ते गोडं. मोजून. हळू.

मेमध्ये एका रात्री पावणेदोनला लाईट गेली.
पंप थांबला तसं घर एकदम बहिरं झालं.
मी बॅटरी शोधतेय, तर आई टाकीपाशी,
प्लास्टिकचा मग बुडवतेय, उंचावरून ओततेय,
पुन्हा बुडवतेय,
कमरेतून वाकून, आगरात वाकायची तशी.
"किती येळ?"
"लाईट येईपर्यंत."
साडेतीनला आली. तिने मग उपडा ठेवला
आणि हात पुसले, चाटून बघितला अंगठा.
"बराबर हाय," म्हणाली.
मी मीटर लावला. पस्तीस.

चार नंबरवर आता एक मास्तर असतात.
त्यांचं वजन लिहिताना माझ्या हातून
जुना आकडा निघतो, छप्पन्न पॉइंट दोन,
मग खोडते.
सरांच्या मुलीचा फोन आला होता,
टाकी काढतोय, दगड हवेत का.
म्हटलं, जागा नाही. खरंच नाही.

बटणं चाळीस झाली, किंवा त्रेचाळीस,
मधली मोजता येत नाहीत.
कडेची तीन शेजारच्या दगडावर चढलीत,
रविवारी कापायला हवीत.
डबा धुऊन ठेवलाय. त्यांचाच तो,
झाकणावर निळ्या शाईत: खुर्ची ४.
कुणाला द्यायचं, ठरलेलं नाही.
आई स्वयंपाकघरातून म्हणते,
पानी रेघंखाली गेलाय. भर.