मानस

रांगेत मी सर्वांत शेवटी.
पाठीवर पंप, तीन ट्यूबा, सोल्यूशनची नळी,
लिंबू-सरबताच्या बाटल्या,
आणि ऑफिसात पाठ करून घेतलेली चार फ्रेंच वाक्यं.
त्यातलं एक, कुत्रा चावत नाही,
मी स्वतःला ऐकवण्यासाठीच म्हणतो.

पुढे डॅरिल, सायकलीला झेंडी लावून.
मध्ये नऊ पाहुणे, नऊ हेल्मेटं,
पिएदादच्या चढावर हळूहळू लाल होत जाणारे.
जो मागे पडेल तो माझा.

रात्री झोपायला बार्ज आहे, नदीत उभी.
'सातेरी प्रसाद' खरवडून आता काहीतरी फ्रेंच लिहिलंय.
पोटात सहा खोल्या, मच्छरदाण्या, पांढरा रंग.
तिथे पूर्वी साडेसातशे टन खनिज
ओलं, जड, मुरगावच्या वाटेला लागायचं
आणि सुकाणूवर बाबा असायचे.
खाणी बंद पडल्या त्या वर्षी
आमोण्याच्या काठाला बार्जा एकीला एक बांधून ठेवल्या,
म्हशी बसाव्यात चिखलात तशा.
बाबांनी पितळी घंटा तेवढी काढून आणली.
आई आरतीला तीच वाजवते.
बाबा बार्जवर पुन्हा चढले नाहीत.

कितीही रंग द्या,
चार नंबरच्या खोलीत, खिडकीच्या खिळ्याखालून,
दमट दिवशी लाल ओघळ उतरतोच.
मी तो दर रविवारी पुसतो.
ओदील मादामनं बोट लावून विचारलं,
रक्त?
म्हटलं, नाही. डोंगर.

एकाहत्तर वर्षांची. म्हणजे रोज माझीच.
तिसऱ्या दिवशी दिवाडीच्या बांधावर ती अचानक उतरली.
मी पंप काढला.
पंक्चर नव्हतं. ती मानस बघत होती:
शेवाळलेली चौकट, लाकडाच्या दोन झडपा,
शेजारी जाळं सोडून बसलेला बाबुसो.
मी पाठ केलेलं सांगायला लागलो,
भरतीचं खारं पाणी ढकलतं, झडपा मिटतात,
ओहोटीला शेतातलं पाणी ढकलतं, उघडतात,
कोरगूट वाचतं.
आणि उघडतो कोण? तिनं विचारलं.
कोणीच नाही. नदीच.

ती हेल्मेटसकट बांधावर बसली.
मग मोडक्या इंग्रजीत, थांबत थांबत:
तिचा बाप कालव्याच्या दाराचा राखणदार.
घर दाराला चिकटून.
रात्री-अपरात्री बार्जची शिटी झाली
की पँट चढवत उठायचा, चक्र फिरवायचा,
ही सात वर्षांची, कंदील धरून.
गव्हाची बार्ज. कोळशाची. वाइनच्या पिंपांची.
त्याच्या खांद्यात दोन वेगळी दुखणी होती,
एक उघडायचं, एक मिटायचं.
नंतर ट्रक आले. नंतर बटण.
आता त्या पाण्यातून माझ्यासारखे लोक फिरतात,
दिवसा सायकल, रात्री बार्ज,
आणि आमच्या घरात आइस्क्रीम मिळतं.
झडपेला हात लावून म्हणाली,
हे त्याला कळतं तर झोपला असता बिचारा.

बाबुसोनं मला विचारलं, कितें म्हणटा ती?
म्हटलं, हिचो बापूय मानशेकार आसलो.
तो काही बोलला नाही.
टोपली उचलून पलीकडे ठेवली
आणि तिला नीट बसायला जागा केली.

लांबून डॅरिलच्या शिट्या येत होत्या. फेरी सुटेल.
मी उत्तराची शिटी वाजवली नाही.
पाणी फिरायला अजून वेळ होता,
आम्ही तिघं त्या बंद लाकडाकडे बघत बसलो
आणि एकदा कधीतरी
फटीतून फेसाची बारीक दोरी बाहेर आली.
बाबुसो पुटपुटला, आली.
तिला ते भाषांतराशिवाय कळलं.

रात्री जेवणाआधी तिनं मला चार नंबरच्या दारात गाठलं.
रविवारी ते पुसू नकोस, म्हणाली.
मी मान हलवली.
ऑफिसात काय सांगू ते अजून सुचलेलं नाही.