झडप उशिरा मिटते

उणे एकतीस. उलानबातर, नारानतूल बाजाराची मागची बाजू.
माझ्या शेडमध्ये आज ही तिसरी प्रियस,
शारखू टॅक्सीवाल्याची.
तिचं डोकं उघडून ठेवलंय, आणि बाबा
स्टुलावर बसून तिच्याकडे असे बघतायत
जसं परक्या कळपातल्या घोडीकडे बघावं.

त्यांची जीप रशियन. ओढली तितकी सगळी हवा
दाबायची, ठिणगी द्यायची, बस.
ओढ, दाब, पेट, सोड.
आर्खांगाईच्या चढणीवर दुसऱ्या गिअरात
गुरगुरत जायची ती,
मागे पेट्रोलच्या वासाची रेघ ठेवून.
शंभर किलोमीटरला सतरा लिटर.
"ताकद काय फुकट मिळते?" बाबा म्हणतात.

भाऊ गालसान डिझेलवाला. कोळसा, सीमेपर्यंत.
त्याच्याकडे ठिणगीच नाही;
हवा इतकी आवळायची की तीच तापावी,
मग तिच्यावर तेलाचा फवारा.
कमी फेऱ्यांतच सगळा जोर.
फक्त थंडीत डिझेलचं मेण होतं,
आणि टाकीखाली शेगडी धरून तो
पहाटे चारला मला फोन करतो.

आणि ही. बाबांना बोट ठेवून दाखवते :
दट्ट्या वर निघाला तरी झडप उघडीच.
ओढलेल्या हवेतली थोडी
आली त्या वाटेनं परत.
मग मिटते.
दाबायचं थोडं, फुलायचं पुरेपूर;
जाळ शेवटच्या बोटभर अंतरापर्यंत ढकलत राहतो,
सायलेन्सरला उरतो निवलेला धूर.
पाच लिटर. शारखू जपून चालवेल तर साडेचार.

"घेतलेला श्वास परत करते?" बाबा हसतात.
"म्हणून चढावर धापा टाकते."

टाकते. खोटं कशाला बोलू.
म्हणून तर शेजारी विजेची मोटर,
रुतलेल्या गाडीला मागून खांदा लावावा तशी.
आणि बॅटरी, जपानात दहा हिवाळे काढून आलेली,
ती इथल्या दुसऱ्यातच माझ्या टेबलावर येते.
त्याचा हिशेब लिटरमध्ये कुणी धरत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी
बाबांनी चहाची पहिली पळी, दुधाळ, खारट,
दाराबाहेर आभाळाकडे उडवली.
रोजच उडवतात.
मी म्हटलं, "इतका परत दिलात,
आपल्याला कमी नाही पडणार?"

ते पळी धरून उभे राहिले.
वाफ विरली.
मग आत आले, प्रियसवर वाकले, बराच वेळ.
"दहाचा पाना दे," म्हणाले,
"आणि ती झडप कुठली म्हणालीस?"